पहिली हाक मामाला

गावाकडचं गाणं गावात कुणी विकत घेत नाही. त्याची किंमत कळायला आधी गाव सोडावं लागतं, सुरतेत येऊन लूमवर उभं राहावं लागतं, आणि मग एखाद्या रविवारी डिंडोलीच्या मोकळ्या प्लॉटवर सतरंजी पसरून बसलं, की 'बांध', 'निंबाचं झाड' असले शब्द ऐकून डोळे भरून येतात. या भरलेल्या डोळ्यांच्या जिवावर मी नव्वदच्या दशकात गायिका झाले. ज्या शेताबद्दल मी इतकं कळवळून गायचे, त्या शेतात मी लहानपणी एकदाच गेले होते आणि विंचू दिसला म्हणून रडत परत आले होते. हे स्टेजवर कधी सांगितलं नाही. प्रत्येक धंद्याची काही पथ्यं असतात.

बॅनरवर माझ्या नावाआधी 'तापीकाठची कोकिळा' असं लिहिलेलं असे. तापी खान्देशातून वाहत सुरतेला येते, काठ चांगला लांबलचक आहे, त्यामुळे कोकिळांना तोटा नव्हता. माझ्या माहितीतल्या निम्म्या गायिका कोकिळाच होत्या. उरलेल्या निम्म्या स्वतःला बुलबुल म्हणवून घ्यायच्या.

आमच्या पार्टीत कीबोर्ड वाजवायचे ते आमचे हे. मराठी शाळेत शिक्षक, म्हणून घरीदारी सगळे त्यांना सरच म्हणत, मीसुद्धा. निवेदनही त्यांच्याकडेच होतं. त्यांनी माईक हाती घेऊन "रसिकहो!" म्हटलं, की समोर बसलेले लूमचे कारागीर मागे वळून बघायचे, कोण आलं म्हणून. साऊंड दगाभाऊकडे. दगा हे नाव आमच्याकडे मूल जगावं, त्याला कुणाची नजर लागू नये म्हणून ठेवतात. दगाभाऊला खरंच कुणाची नजर लागली नव्हती. त्याच्या ॲम्प्लिफायरला मात्र अधूनमधून लागायची, आणि तीही नेमकी गाणं रंगात आल्यावर.

आमचं संगीत म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगायचं तर असं: आईच्या ओठांवरची अहिराणी गाणी घ्यायची, आईला न विचारता ती कीबोर्डवर चढवायची, खाली ढोलकीऐवजी ऑक्टोपॅड लावायचं, आणि आवाज इतका वाढवायचा की शेजारच्या सोसायटीलाही गावाची आठवण यावी. हा शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा. वर्षानुवर्षं लूमच्या खडखडाटात उभं राहिलेल्या माणसाला हळू आवाज ऐकूच येत नाही. सुरतेत नवीन आलेली एखादी शहाणी गायिका नाजूक हरकत घ्यायची, आणि पहिल्या रांगेतून आवाज यायचा, "ताई, माईक बंद शे का?"

कडोदऱ्याला एका मालकाने खात्याच्या वर्धापनदिनाला कार्यक्रम ठेवला. खातं म्हणजे लूमचा कारखाना. मालक उदार, स्टेज खात्याच्या भिंतीला लागूनच बांधलं होतं. पण उदार माणूसही आनंदासाठी लूम बंद करत नाही. एक पाळी माझ्यासमोर बसली होती आणि दुसरी भिंतीपलीकडे काम करत होती. मी विलंबित लयीत माहेरची आठवण काढायला सुरुवात केली, तर भिंतीमागून खटाखट खटाखट असा ठेका आला, तोही आमच्या ठेक्याच्या दुप्पट. ऑक्टोपॅडवाल्याने थोडा वेळ झुंज दिली आणि मग शरण गेला. त्या दिवशी मी सगळं माहेर मालकाच्या लयीत आठवलं. कार्यक्रम संपल्यावर मालक खूश होऊन म्हणाला, "बेन, ताल एकदम परफेक्ट!" का नसेल? त्याचाच होता.

पर्वत पाटियाच्या एका साडीवाल्याने तर मला स्टेजवर नेसायला साडी पाठवली. म्हणे जाहिरात होईल. जांभळ्या रंगावर मोठे मोठे पिवळे मोर. मी मोठ्या थाटात स्टेजवर आले आणि बघते तो काय, पहिल्या चार रांगांत मोरच मोर! छपाईत मोराची चोच सरकून पाठीवर गेली म्हणून आख्खा लॉट त्याने वस्तीत स्वस्तात काढला होता, आणि उरलेली एक मला भेट दिली होती. मध्यंतरात एका बाईने मला पाणी आणायला सांगितलं. मीही आणून दिलं. काय करणार, गणवेश एकच होता.

पण आमचं खरं काम हळदीचं. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीला हळद लावतात तेव्हा बायका गाणी म्हणतात, आणि त्या गाण्यांत नात्यातल्या माणसांची नावं गुंफतात. एकेका कडव्याला एकेक नाव. पहिलं कडवं मामाचं, मग काका, मग फुवा म्हणजे आत्याचा नवरा, मग जावई, असं खाली उतरत जायचं. घरच्या बायका म्हणत होत्या तोवर चूक झाली तर हसण्यावारी जायची. भोंग्यावरून नावं जायला लागली, तशी नावांना धार आली. उधन्याला मी एकदा धाकट्या जावयाचं नाव मोठ्या जावयाआधी घेतलं. चाल तशी बसत होती, एवढंच. मोठा जावई उठला आणि बाहेर जाऊन रिक्षात बसला. रिक्षा कुणाची होती कुणास ठाऊक, पण उतरेना. शेवटी मी माईक घेऊन रिक्षापाशी गेले आणि त्याच्या एकट्यासाठी दोन कडवी गायले, तेव्हा महाशय जेवायला आले. लोक म्हणतात कलाकाराला मान असतो. असतो ना, पण तो आम्ही वाटायचा असतो.

तर आता भटूभाऊंच्या घरची हळद.

भटूभाऊ कडोदऱ्याच्या एका मोठ्या खात्यात मुकादम. राहायला डिंडोलीत. गडी रुबाबदार, बोलणं तोडून टाकणारं. कडोदऱ्याचे माझे बहुतेक कार्यक्रम यांच्या शब्दावर ठरायचे. त्यामुळे मुलीच्या हळदीला बोलवायला ते स्वतः आले, तेव्हा सरांनी त्यांना आमची एकुलती एक चांगली खुर्ची दिली.

"ताई, नावं मी सांगतो तीच घ्यायची," भटूभाऊ म्हणाले. "मामाचं कडवं सोडून द्यायचं."

मी म्हटलं, "भाऊ, गाणं मामापासूनच सुरू होतं."

"मग काकापासून सुरू करा. तुटलेला धागा आम्ही कुठेही जोडतो."

"भाऊ, हे गाणं आहे, लूम नाही."

"चालशे," ते म्हणाले आणि उठले. चालशे म्हणजे चालेल. सुरतेतला हा शब्द कुठल्याही चर्चेचा शेवट करतो.

मामाची भानगड सगळ्या डिंडोलीला ठाऊक होती. मामा म्हणजे सुकदेव, भटूभाऊंच्या बायकोचा पाठचा भाऊ. मेहुण्याचा हात धरूनच सुरतेला आला, त्यांच्याच खात्यात लागला. पुढे कारागिरांनी कामाचे तास कमी करा म्हणून काम थांबवलं, त्यात सुकदेव पुढे होता. मालकाने मुकादमाला सांगितलं, आणि मुकादमाने सख्ख्या मेहुण्याला सगळ्यांदेखत दाराबाहेर काढलं. तेव्हापासून दोन घरांत बोलणं बंद. दोन्ही घरं मात्र एकाच सोसायटीत, मागेपुढे लागून असलेल्या गल्ल्यांत. एकाच्या गच्चीवरचे पापड दुसऱ्याच्या गच्चीवरून मोजता यायचे, पण एकमेकांची नावं घ्यायची नाहीत.

भटूभाऊ गेले आणि दोन दिवसांनी त्यांच्या बायको इंदूबाई आल्या, भाजी आणायच्या निमित्ताने. पिशवी रिकामीच होती. खुर्ची दिली तर खाली बसल्या.

"माय, गानामा मन्हा भाऊनं नाव ले," त्या म्हणाल्या. "एक डाव ले. मामाना बिगर हयद लागस का कोनले?"

मी म्हटलं, "भाऊंनी नाही सांगितलंय."

"माले माहीत शे. घरमा मी बी नही लेस त्यानं नाव. त्यासनी सोगन घाली ठेयेल शे." पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत त्या म्हणाल्या, "पोरले मांडवमा मामा लई जास. सकाय मन्हा भाऊ ऊना नही, ते तो परत कधीच येवाव नही. माले समजस."

खरंच होतं ते. नवरीला मांडवात मामाने आणायचं असतं. भाचीच्या लग्नाला जो मामा आला नाही, त्याचं येणं पुढे कुठल्या निमित्ताने होणार? उद्या मुलगी सासरी जाणार, आणि तिच्याबरोबर इंदूबाईंचं माहेरही कायमचं जाणार. आणि नवरा असा, की शपथ घालून बसलेला.

मी धाडसी वगैरे मुळीच नाही. कडोदऱ्याचे कार्यक्रम गेले असते तर आमच्या घरात कोकिळेचा कावळा व्हायला वेळ लागला नसता. सर तर थेट म्हणाले, "शिक्षकाच्या पगारात आपण निवांत जगू शकतो, पण कशाला?" पण मला दुसराच राग होता. काकापासून सुरू करा म्हणे! मी पाठीवर चोच आलेल्या मोरांची साडी नेसले, मालकाच्या लयीत माहेर आठवलं, रिक्षासमोर गायले. पण या गाण्याचं डोकं कापून धड गा म्हणणारा हा कोण? मी इंदूबाईंना म्हटलं, "घेईन."

हळदीच्या दिवशी दुपारी आम्ही पोचलो. दगाभाऊने नेहमीप्रमाणे दोन भोंगे बांधायला काढले. भोंग्यांची दिशा ठरलेली असते. दोन्ही रस्त्याकडे, म्हणजे ज्यांना बोलावलेलं नाही त्यांनाही लग्न कळतं. दगाभाऊने एक रस्त्याकडे बांधला आणि दुसरा मागच्या गल्लीकडे वळवला. मी त्याला काहीही सांगितलेलं नव्हतं. पण डिंडोलीत पातळ भिंतींमुळे कुणाला काही सांगावं लागतच नाही.

भटूभाऊ कमरेवर हात ठेवून खाली उभे राहिले. "हा तिकडे कशाला?"

"आवाज तिकडे आपटून परत येतो, भाऊ," शिडीवरून दगाभाऊ म्हणाला. "मग त्याला खोली येते."

हे शास्त्र जगातल्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. पण भटूभाऊ यंत्रातला माणूस. यंत्राबद्दल कुणी ठामपणे बोललं, की मान हलवायची त्यांना सवय होती.

तिसऱ्या प्रहरी नवरीला पाटावर बसवलं. मुलगी इथेच जन्मलेली, शाळेपासून गुजराती बोलणारी. हळदीची वाटी आली, बायका भोवती बसल्या. स्टेज म्हणजे दोन बाकं जोडून केलेलं. बाजूला एका ताटात माझ्या सत्काराचा नारळ आणि टॉवेल ठेवला होता. सरांनी ठेका लावला. कीबोर्डवर बटण दाबलं की ठेका आपोआप वाजत राहतो, माणसाने नुसतं गंभीर दिसायचं असतं. मी माईक घेतला. गायला लागले:

*हयद वाटी, वाटी भरी, पहिली हाक कोनले?*
*पहिली हाक, पहिली हाक सुकदेव मामाले!*

बायकांनी मागून ओळ उचलायची असते. कुणी उचलली नाही. हळद लावणारे हात जागच्या जागी थांबले. नवरीने आईकडे पाहिलं. इंदूबाई मान खाली घालून वाटीतली हळद कालवत राहिल्या, जणू त्यात गुठळी राहिली होती.

भटूभाऊ तरातरा आले आणि माझ्यापुढे उभे राहिले. एरवी बाहेर मराठी बोलणारा माणूस, पण राग माणसाला घरच्या भाषेत नेतो.

"ते नाव मी दिधं नव्हतं, बाई! त्या मानुसनं नाव मन्हा मांडवमा नही लेवानं!"

माईक माझ्या हातात होता आणि चालू होता. भटूभाऊंचा शब्द न् शब्द दोन्ही भोंग्यांवरून गेला. रस्त्याकडे गेला आणि मागच्या गल्लीतही गेला. आपलाच आवाज सगळ्या सोसायटीवरून फिरून आलेला ऐकून ते एकदम गप्प झाले. मांडवात नुसता सरांचा ठेका वाजत होता. मला वाटलं, झालं. नाव पोचलं आणि त्यामागोमाग हेही पोचलं. इंदूबाईंचं मी भलं करायला गेले आणि होतं नव्हतं ते दारही लावून आले. इतकी शरम मला स्टेजवर कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात एका म्हातारीने हात वर केला. "चूप!"

मी सरांना म्हटलं, "बंद करा ते." त्यांना बटण सापडेना. दगाभाऊने वायरच उपटली.

मग ऐकू आलं. मागच्या गल्लीतल्या गच्चीवरून एक बाई गात होती. माईक नाही, पेटी नाही, आवाज जरासा चिरका पण सरळ. सुकदेवची बायको, म्हणजे नवरीची मामी.

*हाक ऊनी, कानवर ऊनी, पहिला मान कोनले?*
*पहिला मान, पहिला मान भटूराव बापले!*

या गाण्याला उत्तराचं कडवं आहे. नवरीच्या घरून मामाला हाक जाते आणि मामाच्या घरून उत्तर येतं, त्यात पहिला मान नवरीच्या बापाला देतात. कॅसेट काढताना ते मावत नाही म्हणून आम्ही गाळलं होतं, आणि मग कार्यक्रमांतूनही ते गळून गेलं. मला आठवतही नव्हतं. त्या बाईने भटूभाऊंचं बोलणं भोंग्यावरून ऐकलं होतं, त्याच भोंग्यावरून आपल्या नवऱ्याचा पाणउतारा ऐकला होता, आणि तरी तिने उत्तर दिलं. 'भटूराव' म्हणाली. या माणसाला घरात किंवा खात्यात कुणी राव म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

आता मांडवातल्या बायकांनी ओळ उचलली. *पहिला मान भटूराव बापले.* सगळ्या जणी, मोठ्याने. भटूभाऊ मध्ये उभे.

त्यांचं मन विरघळलं वगैरे मी म्हणणार नाही. चारचौघांत मान पदरात पडला की तो ठेवून घ्यायला काहीतरी द्यावं लागतं, हे कुठल्याही मुकादमाला कळतं. पण त्यांची हनुवटी थरथरत होती, हे मी जवळून पाहिलं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, माझ्या सत्काराच्या ताटातला नारळ उचलला, टॉवेल खांद्यावर टाकला.

"मी त्यासले लेवाले जास," कुणाकडेही न बघता ते म्हणाले, आणि मेहुण्याला आणायला तसेच अनवाणी मागच्या गल्लीकडे निघाले.

ते परत येईपर्यंत मांडवात कुणी हललं नाही. एका पोक्त बाईने मला हळूच विचारलं, "तुम्हना नारय गया का?" मी म्हटलं, "जाऊ द्या."

आले. पुढे मामी, मागे सुकदेव, त्याच्या हातात नारळ, आणि सगळ्यांत मागे भटूभाऊ, गुरं हाकल्यासारखे दोन हात पसरून. सुकदेव मांडवाच्या खांबाशी येऊन थांबला. इंदूबाई उठल्या. मला वाटलं, आता भावाच्या गळ्यात पडतील. त्या माझ्याकडे आल्या.

"माय, आते परत ले ना नाव. आते तो आयकाले आठे शे."

खरंच, ऐकायला आता तो समोर होता. मी माईक तोंडाशी नेला. दगाभाऊने वायर जोडली, सरांनी सूर दिला. आणि माझा आवाज फुटेना. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या माहेरासाठी हुकमी रडवेला आवाज काढत आले होते, आणि खरंच रडू आलं तेव्हा गाता येईना. बायकांनी मामीला पुढे ढकललं. मामी लाजून मागे सरली. नवऱ्याचं नाव ती कशी घेणार? भर मांडवात तर नाहीच.

मग इंदूबाईंनी हळदीने माखलेला हात पुढे केला आणि माझ्या हातातून माईक घेतला. त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. भटूभाऊंनी मान खाली घातली. ती होकाराची होती की कशाची, इंदूबाईंनी विचारलं नाही.

"पहिली हाक," त्या म्हणाल्या, "पहिली हाक सुकदेव मामाले."

सूर पार गेलेला, ताल तर जवळपासही नव्हता. बेसूर माणसाच्या हाती माईक गेला, की दगाभाऊ गुपचूप आवाज बारीक करतो. त्या दिवशी त्याने आवाज शेवटपर्यंत वाढवला. इंदूबाईंनी ती ओळ पुन्हा म्हटली, आणि पुन्हा, पुढच्या कडव्याला काही केल्या जाईनात. काका, फुवा, दोन्ही जावई आपापलं नाव येण्याची वाट बघत बसले होते. एकही रुसला नाही.